वाटीच्या आत

३ फेब्रुवारी

नवरा गेल्यानंतर आज शाळेत पहिला दिवस. दहावीला असमानतांचे आलेख घेतले. काय बोलले, काय काढलं, काही आठवत नाही. तास संपला तेव्हा फळा भरलेला होता, बोटांना खडू होता — म्हणजे शिकवलं असणार! वर्ग चिडीचूप. एरवी नुसती माकडं.

सासूबाई दारातच. "रडलीस?" नाही म्हटलं. "रडून घे गं बाई एकदाची. साठवून ठेवायला ते काय धान्य आहे?" मी हसले बहुतेक. त्या भांडी घासायला गेल्या.

६ फेब्रुवारी

काही नाही.

१० फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "परीक्षा तोंडावर आलीय. दहावी दुसऱ्या कुणाकडे देऊ का? चाचणीचे गुण बघून ठरवू." बरं म्हटलं. जाईल तर जाईल. दहावी गेली तर माझ्याकडे उरणार काय — शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या. आणि हे घर. त्याच्या चपला अजून दारात आहेत.

१३ फेब्रुवारी

चाचणीचे पेपर तपासले. चौथा प्रश्न सगळ्यांचा चूक. सगळ्यांचा!

−y > x² − 4. उणे एकने गुणलं की चिन्ह उलटतं, ते एकानेही उलटवलेलं नाही. वक्र बरोबर, उपड्या वाटीसारखा. पण रंगवलंय वाटीच्या बाहेर. हवं आत. एवढी वर्षं घसा कोरडा करतेय — शंका आली की (०, ०) टाकून बघा! शून्य मोठं की उणे चार? शेंबडं पोरही सांगेल.

मग त्या लांब वेणीवालीचा पेपर उजेडात धरला. तिचं गणित कधी चुकत नाही. वाटीच्या आत पेन्सिलीने रंगवून खोडलेलं होतं. दुसरा पेपर बघितला, तिसरा बघितला. तेच! आधी बरोबर काढलंय, मग खोडून चूक केलंय.

१६ फेब्रुवारी

वेणीवालीला गाठलं. बरोबर उत्तर का खोडलंस, विचारलं. शेवटी — "मॅडम, तुम्ही आलात ना त्या दिवशी, फळ्यावर असंच काढलं होतं. तेव्हाच आमचं ठरलं. मॅडमना कोणी चूक काढून दाखवायची नाही, पेपरातसुद्धा."

"आणि तुमचे गुण?"

"जाऊ दे ना मॅडम, चारच तर आहेत!"

अगं येडे! त्या चार गुणांपायी माझा वर्ग चालला होता.

तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. म्हटलं, चूक पोरांची नाही, माझी. उद्या परत शिकवते. पण वर्ग मला हवाय. हवाय — किती दिवसांनी हा शब्द तोंडातून निघाला! त्यांनी चष्मा काढून पुसला. "शिकवा," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

तेच उदाहरण. चिन्ह मुद्दाम तसंच ठेवलं आणि थांबले. कोणी हूं की चूं करेना. "अरे, बोला की! मला चालेल." मागच्या बाकावरून हळूच — "मॅडम... चिन्ह." मग सगळी एकदम — "चिन्ह! चिन्ह!" मी फळ्याकडे तोंड करून रडले. चांगला आवाज करून, हुंदके देऊन.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, रडले आज. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"झालं ना तुझं?" म्हणाल्या. "मग आता मला रडू दे."