तुझी मशीन आणि माझे कान

दवनीवाडा,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. हर्षा हिला बाबूजींचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलं-बिलं नाही, शेताचं काही झालं नाही, आणि माझी तब्येतही ठीक आहे. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतो (नाश्ता म्हणजे कालचा उरलेला भात फोडणी देऊन, पण तू फोनवर गोळीचंच विचारतेस, म्हणून मीही गोळीचंच सांगतो). तुझीही तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. नक्की सांगता येत नाही, कारण हल्ली आपला फोन तीन मिनिटांचा असतो. जेवलात का, गोळी घेतली का, थंडी पडली का, ठेवते. (मी मुद्दाम घड्याळ बघत नाही, पण ते समोरच्याच भिंतीवर आहे, नजर जाते.) दिवाळीच्या आधी हाच फोन अर्धा अर्धा तास चालायचा आणि त्यात शेजारच्या दुलीचंदच्या कोंबड्यांचीसुद्धा चौकशी व्हायची. मग दिवाळीत पाहुणे तुला बघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीने तू पुण्याला परतलीस. ऑफिसचं काम निघालं, म्हणालीस. गावची मंडई दोन दिवसांवर आली होती, ती जत्राही बघितली नाहीस. परवा म्हणालीस की संक्रांतीलाही जमणार नाही. त्याविषयी या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त मशीनविषयी आहे.

तर मशीन. ती भिंतीतल्या कपाटात दुसऱ्या फळीवर, तुझ्या आईच्या शालीमागे सापडली. मी तुला फोनवर म्हटलं की राहिली आहे, कुरियरने पाठवतो. तू म्हणालीस, राहू द्या बाबूजी, नका पाठवू. मला नवल वाटलं. सुट्टीला येताना बॅगेत सगळ्यात वर, कपड्यांत गुंडाळून आणलेली वस्तू माणूस इतक्या सहज कशी सोडून देतो? (छत्तीस वर्षं मास्तरकी केली. ‘राहू द्या गुरुजी’ म्हणणारं लेकरू बहुतेक वेळा रडायच्या बेतात असतं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतं आहे.) आणि तू नको म्हणालीस म्हणून वस्तू कपाटात पडून राहावी, हे माझ्या स्वभावात नाही. पेटीवर एका बाईच्या गुळगुळीत पायाचं चित्र आहे. पेटी मी ताबडतोब पालथी ठेवली, पण मशीन प्रकाश पाडून केस काढते आणि कातडीही नितळ करते, एवढा बोध तोवर झाला होता. आणि केस काढण्याची मला गरज होती. सांगायला लाज वाटते, पण कानांवरचे.

हे कानांवरचे केस आपल्या घराण्यातच आहेत. तुझी आई दर रविवारी मला अंगणात पाटावर बसवून छोट्या कात्रीने ते कापायची. एका हाताने कान धरायची, दुसऱ्या हाताने कात्री चालवायची, आणि "हलू नका, कान कापला जाईल" असं बजावून आठवड्याभरात साचलेलं सगळं सुनावून घ्यायची. हलता येत नसल्यामुळे मी सगळं ऐकून घ्यायचो. ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात दुलीचंदच्या पुतण्याचं लग्न झालं, त्याचे फोटो मोबाइलवर आले. त्यात एक म्हातारा वरातीत उभा होता आणि त्याच्या दोन्ही कानांतून धानाचे लोंब बाहेर आल्यासारखे दिसत होते. कोण आहे म्हणून मी फोटो मोठा केला, तर मीच. बाई, मला केसांचं इतकं वाईट नाही वाटलं. वाईट याचं वाटलं की दोन वर्षांत मला कुणी इतक्या जवळून बघितलंच नाही की सांगावं, गुरुजी, कानांवर केस वाढले. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही (गोळी मात्र घेतली).

म्हणून एका संध्याकाळी मी कडी लावली आणि दिवा बंद केला. रस्त्यावरून कुणाला निवृत्त मुख्याध्यापक सौंदर्यप्रसाधन करताना दिसला, तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मशीनसोबतचा काळा चष्मा चढवला. अंधारात काळा चष्मा लावल्यावर माणसाला जे दिसतं तेच मला दिसलं, त्यामुळे खटका सापडेपर्यंत पाच मिनिटं गेली. मशीन कानाला लावली. काही नाही, नुसता एक लाल दिवा लागला. गालाला लावली, लाल. हाताला, पोटरीला, मानेला, लाल. शेवटी वैतागून तळपायाला लावली आणि खोलीभर असा लखकन उजेड पडला की मी खुर्चीसकट मागे गेलो. पायाला काही झालं नव्हतं. मग खात्री करायला पुन्हा लावली, पुन्हा लखलखाट. असं सात-आठ वेळा केलं असेल (तळपायावर केस नसतात हे मलाही माहीत आहे, पण एवढ्या वेळानंतर एखादी गोष्ट चालायला लागली की हात थांबत नाही). तेवढ्यात बाहेरून दुलीचंदची आरोळी आली.

"गुरुजीऽ, आभाय त कोरं आहे, मंग इजा कायच्या चमकून राहिल्या?"

त्याचं धान कापून बांधावर पेंढ्यांचं पुंजणं घालून ठेवलेलं होतं, मळणी व्हायची होती. माझ्या तळपायाच्या विजा बघून तो, त्याची सुलोचनाबाई आणि आणखी चार घरची माणसं ताडपत्र्या घेऊन शेताकडे धावली. मी खिडकीतून हे सगळं बघत होतो आणि बाहेर जाऊन खरं सांगायची हिंमत होत नव्हती. ढगाचा ठिपका नसलेल्या आभाळाखाली निम्म्या गावाने धान झाकलं. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन त्यांच्या ताडपत्र्यांच्या घड्या घालू लागलो, तेव्हा दुलीचंद म्हणाला की गुरुजींना किती काळजी. मी मान खाली घालून घड्या घालत राहिलो.

मशीन बिघडली असावी म्हणून ती घेऊन मी गोंदियाला गेलो. बाजारात मुन्नालाल म्हणून मिक्सर दुरुस्त करणारा आहे, तुझ्या आईचा मिक्सर त्यानेच तीनदा जगवला. त्याने मशीन उलटसुलट केली, स्वतःच्या मनगटाला लावली (तो गोराघारा माणूस), आणि लखकन उजेड. मग माझ्या मनगटाला लावली, लाल. पुन्हा त्याच्या, उजेड. माझ्या, लाल. दुकानात गिऱ्हाईक जमलं. शेवटी मुन्नालालने मशीन पुसून पेटीत ठेवली आणि फार अदबीने सांगितलं, "मशीन एकदम फर्स्ट क्लास है गुरुजी. आपका कलर ही इसकी रेंज के बाहर है." त्याने दुरुस्तीचं काही घेतलं नाही, उलट चहा पाजला. मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून चाळीस पानी माहितीपुस्तक वाचून काढलं. त्यातली अडतीस पानं काय करू नये याची आहेत. मशीनचा प्रकाश काळा केस ओळखतो, पांढरा ओळखत नाही. आणि कातडी फार काळी असेल तर ती भाजू नये म्हणून मशीन आपणहून थांबते आणि लाल दिवा लावते. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी नापास. केस पांढरे, कातडी काळी. याच्या नेमकं उलटं हवं होतं.

दुलीचंदला खरं सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून मशीन घेऊन त्याच्या अंगणात गेलो. मला वाटलं तो चिडेल. तो इतका हसला की खाटेवरून उतरावं लागलं त्याला. मग प्रत्येकाला स्वतःवर बघायची हौस. बाई, त्या दुपारी अंगणात बारा-तेरा माणसं जमली आणि मशीनने एकूणएक माणसाला लाल दिवा दाखवला. फक्त दुलीचंदचं पोट पास झालं, कारण त्याला कधी ऊन लागलेलं नाही. तळपाय मात्र सगळ्यांचे पास. मला खरं सांगायचं तर मजा आली. दोन वर्षांत मी इतक्या माणसांत इतका वेळ बसलो नव्हतो, आणि घरी जायची वेळ होऊ नये असं वाटत होतं. मग सुलोचनाबाई मशीन हातात घेऊन म्हणाली, "काऊन गुरुजी, इच्यात आपला रंगच नाही का?" आणि थोड्या वेळाने, सगळे हसत असताना, अगदी साधेपणाने, "मंग हर्षानं कायले घेतली हे? पोरीचा रंग त तुमच्यावरच गेला."

मी मशीन घेतली आणि घरी आलो.

माहितीपुस्तकाच्या सातव्या पानावर कातडीच्या रंगांचे सहा चौकोन आहेत, फिक्यापासून गडदपर्यंत. शेवटच्या चौकोनावर फुली आहे. बसमध्ये मी ते पान घाईने उलटलं होतं. आता बघितलं तर पाचव्या चौकोनाशेजारी पेन्सिलची बारीक खूण होती, ती खोडून सहाव्याशेजारी केली होती, आणि तीही खोडली होती. खूण तुझीच, पेन्सिल इतकी हलकी तूच धरतेस. तुलाही तिने लाल दिवा दाखवला होता तर.

आता लिहितोच. (मशीनशिवाय काही लिहिणार नाही म्हटलं होतं, पण हेही मशीनविषयीच आहे.) त्या दिवशी पाहुणे बैठकीत बसले होते. तू चहा घेऊन दारापर्यंत आली होतीस, आणि मी त्यांना म्हणत होतो, "एवढी सावळी नाही हो ती, उन्हाने रापली आहे. आता मशीनही घेतली आहे, दोन-तीन महिन्यांत उजळेल." (मशीन नेमकी कशाची ते मला तेव्हा माहीतही नव्हतं, तुझ्या बॅगेत दिसली होती एवढंच.) तू आत आलीस, सगळ्यांना चहा दिलास, मलाही दिलास. तुझा हात जरासुद्धा हलला नाही, म्हणून मला वाटलं, ऐकलं नसेल. नाही, खोटं कशाला लिहू, ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. रंगाचं त्यांनी काही विचारलंही नव्हतं. मीच आपणहून माफी मागितली, तुझ्या रंगाची, जो माझा आहे. तुझी आई असती तर त्या रविवारी माझा कान जाग्यावर राहिला नसता. माझं चुकलं, बाई. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या चुकांवर लाल शाई चालवली, आणि घरात ही चूक केली.

बाकी ठीक. धानाची मळणी झाली. थंडी आहे. मशीन उद्या कुरियरने पाठवतो, पोहोचली की कळव. पुण्यात पाणी उकळून पीत जा.

तुझा,
बाबूजी

ता. क. मशीन पाठवत नाही. जी वस्तू मला नको म्हणाली आणि तुलाही नको म्हणाली, ती आपण आपल्या खर्चाने पुण्याला का पोहोचवायची? काळा चष्मा तेवढा दुलीचंदने मळणीच्या धुळीसाठी नेला आणि तो त्याला फार उपयोगी पडला. तू विचारशील म्हणून सांगतो, कोंबड्याही बऱ्या आहेत.

ता. क. दुसरा. पाहुण्यांचा फोन आला होता. त्यांना तू पसंत आहेस, तुझं काय म्हणणं आहे ते विचारतात. मी म्हटलं, तिचं ती सांगेल, मी तिच्या वतीने बोलणं सोडलं आहे. रंगाचं मी जे बोललो ते चुकीचं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, कोणतं हो? त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं. तुझ्या आहे, आणि माझ्याही.

ता. क. तिसरा. आईची छोटी कात्री शिवणाच्या डब्यात सापडली. धार अजून आहे. दुलीचंद कापून देतो म्हणाला होता, पण मी कानांवरचे केस कापू दिले नाहीत, तसेच ठेवले आहेत. संक्रांतीला ये. कान धरून जे काय बोलायचं असेल ते सगळं बोल. मी हलणार नाही.