कोटवाल्या म्हाताऱ्याचे डोळे

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. बाबा कसे आहेत हे पहिल्याच ओळीत विचारायला हवं होतं, कळतंय मला. विचारते, थांब जरा.

इकडे चित्रांच्या क्लासात सध्या एका जुन्या तैलचित्राची नक्कल चाललीय. तपकिरी कोटातला म्हातारा, थेट आपल्याकडे बघणारा. मास्तरांचा हट्ट असा, की मूळ चित्र उलटं टांगायचं आणि आपणही उलटंच रंगवायचं. सुलटं असलं की माणूस दिसतंय ते सोडून ठाऊक असलेलं काढतो म्हणे. कोट जमला, दाढी जमली. नाक तर असं, की आत्ता शिंकेल! पण कॅनव्हास सुलटा केला, की म्हातारा बघतोय बाजूला, दाराकडे. तीनदा फडक्याने पुसलं. तीनदा तेच.

काल मास्तर म्हणाले, "बाई, हात तयार आहे तुमचा. तुम्हीच त्याच्याकडे बघत नाही." मी हसण्यावारी नेलं. घरी आले तर जेवण जाईना.

ताई, ऐक. चिडायचं ते शेवटी चीड. रजा मिळाली नाही हे खोटं होतं. बाबांना झटका आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात आले होते. दाराच्या काचेतून पाहिलं. अर्धा चेहरा ओघळलेला. तू पाठमोरी, चमच्याने पाणी पाजत होतीस, आणि ते दाराकडे बघत होते. त्यांनी मला पाहिलं गं. आणि मी पळाले! मिळेल ती बस पकडली. घरी येऊन तुला फोन केला, आमच्या साहेबांच्या नावाने बोटं मोडली. बिचारा साहेब!

तीन महिने तू एकटी खपते आहेस, वर मलाच म्हणतेस, "नोकरी सांभाळ." मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी येते. महिन्याची रजा घेतलीय, या वेळी खरी. त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखव, आणि तू झोप.

एक कर. डॉक्टर म्हणतात ना, की बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं समजतं? आणि तू रोज त्यांना समजावतेस, "धाकटीला रजा मिळत नाही हो." ते मुकाट ऐकून घेतात. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, ताई. हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच.

तुम्हा दोघांची,
पळपुटी