धुतलेलं इंजिन

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
ह्यांच्या बशीत पुन्हा कॉफी. आठवड्यात तिसरा टेबलक्लॉथ. पंखा फार जोरात असतो, त्यानेच हात हलतो. आमच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली. दिली तर दिली. तांदळाच्या डब्याखाली ठेवली आहे. खरा रोग मला ठाऊक आहे: रिकामपण. कारखान्याच्या टूलरूममध्ये अडतीस वर्षं केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा माणूस दिवसभर पेपर चाळत बसला, तर हात दुसरं काय करणार?

संकल्प: मागच्या खोलीतली मोटरसायकल पुरी करायची. फ्रेम ह्यांनी स्वतः वेल्ड केली, टाकी ठोकून घडवली, आणि दोन वर्षं चादरीखाली ठेवून दिली. फक्त इंजिन नाही. ह्यांच्या वहीत लिहिलंय: मोटोक्रॉसचं, २५० सीसी, सेकंडहँड. १६ला ह्यांचा वाढदिवस. इंजिन मी आणणार. ह्यांना कळता कामा नये. हातांना काम मिळालं की थरथर आपोआप जाईल.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या गिरीराजला विचारलं. चूक केली. म्हणाला, "अक्का, हे मातीतल्या रेसचं इंजिन. लाइट नाही, हॉर्न नाही. रोडवर पोलीस धरतील." म्हटलं, माझ्या भावाच्या मालूरच्या मळ्यात फिरवू आणि उजेडात घरी येऊ. हॉर्नची मला आजवर कधी गरज पडलेली नाही. तो म्हणे, "निवडायला अण्णांना आणा ना. नुसता हात लावून सांगतील ते."
मी विषय बदलला.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी
गिरीराजला घेऊन मार्केटमागच्या गल्लीत गेले. दुकानदार कृष्णमूर्ती. कपाळावर गंध, शर्टाला इस्त्री. दोन इंजिनं दाखवली. एक काळंकुट्ट, तेलकट, हॉटेलच्या चिमणीसारखं. दुसरं चंदेरी, चकचकीत. गिरीराज काळ्यापुढे उकिडवा बसला. "अक्का, हेच घ्या. स्क्रू बघा, कुणी उघडलेलं नाही. त्या चंदेरीच्या स्क्रूंची डोकी खाल्लीत. इंजिनला कुणी रंग कशाला देईल, सांगा?"
कशाला म्हणजे? टापटीप म्हणून. कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी सिस्टर नखं तपासायच्या. काळ्या नखांच्या मुलींचं पुढे काय झालं, मी पाहिलं आहे.
गिरीराजने चंदेरीचा किकचा दांडा फिरवून दाखवला. "काही जोरच लागत नाही, अक्का. आत कॉम्प्रेशन नाही, दाबच धरत नाही." मला तर हेच आवडलं. ह्यांच्या गुडघ्याला त्रास नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी पस्तीस वर्षं काढली आहेत, कान तयार आहे. इंजिनातून खरखर अजिबात नाही.
कृष्णमूर्ती म्हणाले, "मॅडमना बरोबर कळतं." सभ्य माणूस. चंदेरी घेतलं.
परतताना गिरीराज ऑटोत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मत्सर.

९ फेब्रुवारी, रविवार
हे देवळात गेले तेवढ्यात इंजिन भांड्यांच्या साबणाने धुतलं. टूथब्रशला चंदेरी रंग लागला. हल्ली ब्रश चांगले मिळत नाहीत. खालच्या बाजूला केसासारखी एक रेघ निघाली. डिझाइन असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ह्यांच्या शर्टाची बटणं आज मी लावली. घाई होती म्हणून.
कुठे जायचं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
पायसम झाल्यावर ह्यांना मागच्या खोलीत नेलं. चादर ओढली.  ह्यांनी इंजिनावरून अंगठा फिरवला. रेघेपाशी थांबले.
"पुट्टी भरली आहे, कमला. चीर आहे ही."
मी म्हटलं, दुकानदार फार सभ्य होते.
हे हसले. कित्येक महिन्यांनी. "शेजारी एखादं काळं, तेलकट होतं का?"
"होतं."
"तेच आणायचं होतंस गं."
तरी म्हणाले, उघडून तर बघू. पाना घेतला. स्पार्क प्लगवर बसेना. धातूवर टकटक वाजत राहिला. मी म्हटलं, थांबा, पंखा बंद करते. त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "तू काढ. मी सांगतो."
काढला. टॉर्च धरून आत पाहिलं. ओरखडेच ओरखडे. "गेलंय हे," ते म्हणाले. माझ्या नखांत काळं गेलं होतं, ते पुसायला त्यांनी आपला रुमाल पुढे केला. तोही हलत होता.
मी विचारलं, उद्या त्या डॉक्टरांना फोन करू का? चिठ्ठी कुठेतरी असेल.
"तांदळाच्या डब्याखाली आहे. भाताचे तांदूळ रोज मीच काढतो. चिठ्ठी तू कधी बाहेर काढतेस, बघत होतो."

सायंकाळी ६
चिठ्ठीवरचा नंबर लिहून घेतला. उद्या दहाला फोन.
मघाशी मी पंखा बंद करते म्हणाले. मागच्या खोलीत पंखा नाही.