पांढरं पडलेलं पोवळं

आये, तू गेलीस त्याला आता चौदा वर्षं होतील. शेवटच्या आजारात, पनवेलच्या त्या हॉस्पिटलात, एका दुपारी मी तुझ्याशी वाईट वागले आणि ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाईट वागले हे माझं मलाही यंदाच्या मे महिन्यात कळलं, तेही मालवणच्या समुद्रात, पाण्याखाली. पन्नाशीची बाई पाण्याखाली काय करते म्हणून हसू नकोस. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणजे तुझ्या भाषेत ‘मेलेलं बेडूक शिकवते’, आणि उशिरा का होईना, पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकले आहे. कोळ्याची पोर आणि पोहायला शिकायला क्लास लावला, हे ऐकून दादा अजून हसतो.

हॉस्पिटलाचं थेट सांगायला जीभ वळत नाही, म्हणून आधी बाजाराचं सांगते. मी बारावीत आहे, सुट्टी आहे, आणि पनवेलच्या मच्छीबाजारात तुझ्याशेजारी नाक वर करून बसले आहे. हातातल्या पुस्तकावरची नजर न काढता मी एका बाईंच्या पिशवीत हलवा टाकते. तू त्यांना चार पावलांवरून परत बोलावतेस, मासा काढून घेतेस आणि सगळ्यांदेखत त्याचा कल्ला उचलून माझ्या तोंडासमोर धरतेस. ‘शिकतंस ना तू? मंग डोलं उगड! कल्ला पांडरा परला का मासा ग्येला. नाकानं नाय, डोल्यानं बग.’ मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण ते हातात असं भिनलं की आजही नवीन पनवेलच्या बाजारात मी पाटीतल्या प्रत्येक माशाचा कल्ला उघडून बघते, आणि मावशी वैतागतात.

तुला पोवळं माहीत ते गळ्यातल्या मण्याएवढंच. समुद्रातलं पोवळं म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. इवलेइवले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा घास पोवळ्याला देतं. पोवळ्याचा रंगही बहुतेक त्याचाच. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. पोवळं त्या शेवाळाला बाहेर टाकतं, रंग जातो आणि काचेसारख्या अंगातून आतला पांढरा चुना दिसायला लागतो. हल्ली समुद्र असा वरचेवर तापतो. आपणच तापवलाय, हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि मग एसीच्या स्टाफरूममध्ये जाऊन बसते.

हे सगळं पाठ असूनही मे महिन्यात काय केलं बघ. पोवळ्यांची पाहणी करायला आम्ही उतरलो होतो. पाण्याखाली लिहायला प्लॅस्टिकची पाटी असते. तुझी पाटी डोक्यावर, माझी मनगटाला बांधलेली. समोर पांढरंफटक पडलेलं पोवळं दिसलं की माझा हात आपोआप लिहीत होता: मृत. पुढचंही मृत. त्याच्या पुढचंही. वर होडीत आल्यावर आमच्याबरोबरच्या मालवणी पाणबुड्याने पाटी वाचली आणि तो म्हणाला, ‘मॅडम, तां मेलेलां नाय. जितां आसा. वायच जवळ जावन बघा.’

मला राग आला, पण पुन्हा उतरले. अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेले. त्या पांढऱ्यावर केसाहून बारीक हात हलत होते. उपाशी होतं ते, पण हलत होतं. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं, नाही तर पोवळं उपासमारीने जातं. पण पांढरं पडणं आणि मरणं यांच्यामध्ये काही आठवडे असतात. ते आठवडे मी एका शब्दात पुसून टाकले होते. पाऊस सरल्यावर परत गेलो तेव्हा काहींवर तपकिरी झाक आली होती, काहींवर नुसतं हिरवं बुळबुळीत माजलं होतं. कोणतं जगेल ते मे महिन्यात मला कुठे कळणार होतं?

हॉस्पिटलातल्या त्या दुपारी तुझ्या अंगात रक्त राहिलं नव्हतं. मी अंगठ्याने तुझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरं. तू शिकवलंस तसंच बघितलं गं, आये. नर्स म्हणाली, ‘ताई, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असतं.’ मी नुसतं हो हो केलं आणि तुझ्या उशाशी उभं राहून दादाला फोन लावला. ‘आये ग्येल्यात जमा हाय, तयारीला लाग.’ कुणाकुणाला कळवायचं ते बोलले, तुला कोणतं लुगडं नेसवायचं तेही बोलले. त्यानंतर तू दुसऱ्या संध्याकाळपर्यंत होतीस, आणि तेवढ्या वेळात मी तुला एकदाही हाक मारली नाही. हाक मारल्याने तू वाचली असतीस असं नाही. पण तू होतीस.

फोन ठेवला तेव्हा तुझ्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळत होतं. मी नर्सला म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय, थेंब टाका. काही गेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. तोंडाने हे सांगायची अजून छाती होत नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिलं.