नाडाछडी

सातपूर, नाशिक
दि. २४ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप निवृत्तीदादास,

चंद्रभागेचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत.

तुझं पत्र परवा मिळालं. एका डोळ्याने लिहितोस म्हणून ओळी तिरक्या झाल्यात, टोमणे मात्र सरळ लागले. राखी का आली नाही ते शेवटी सांगते. आधी तुझ्या शेजारच्या गेणूभाऊंचं काम, पेट्या ठोकायच्या गनचं.

द्राक्षाच्या पेट्यांना त्यांनी हवेच्या दाबावर खिळे मारणारी गन घेऊ नये. फळी पातळ असते, चिरते. पिना मारणारी घ्यावी, पण आपल्या कारखान्याच्या शेडमधल्या गनसारखी, म्हणजे पुढचं नाक लाकडावर दाबून आत गेलं आणि घोडा ओढला तरच सुटणारी. रोज सकाळी हवेची नळी जोडण्याआधी ते नाक दाबून पाहावं. सोडल्यावर ते टुणकन बाहेर आलं पाहिजे. पिन अडकली तर आधी नळी काढायची, मगच हात घालायचा. डोळ्यांना चष्मा हवाच. आमच्याकडे आता चष्मे आलेत. आणि खंडेनवमीला गनला काही बांधायचं नाही. हळदकुंकू हवेच्या टाकीला लावलं तरी चालतं.

तू लिहिलंस, "माझ्यासारखा वेंधळेपणा गेणूने करू नये." ते वाचून मी पत्र पिठाच्या डब्याखाली सारलं. दोन दिवस भाकरी करताना लक्ष तिथेच.

दादा, तू वेंधळा नाहीस.

गेल्या खंडेनवमीला शेडमधली पूजा मी केली. तुझी गन म्हणून नाडाछडीचे चांगले सात वेढे दिले, घट्ट, नेमके नाकावर. नाक आत दबूनच राहिलं. दसऱ्यानंतर कामावर आलो तेव्हा मी विचारलं होतं, काढू का? तू म्हणालास, "राहू दे गं, तू बांधलीस ना." पहिला खिळा मारून तू गन उचललीस. बोट घोड्यावरच होतं, ते पुन्हा दाबलं गेलं, दुसरा खिळा हवेतच सुटला आणि लोखंडी पट्टीवर आपटून तुझ्या डोळ्यात गेला.

सगळे तुला उचलून नेत होते तेव्हा मी गन पाहिली आणि मला कळलं. नाडाछडी कापून मी कमरेला खोचली. चौकशीत गन ठणठणीत निघाली. "कामगाराचा हलगर्जीपणा," असं त्यांनी लिहिलं. मी तिथेच उभी होते. तुझी नोकरी गेली, तू निफाडला परतलास, आणि मी अजून त्याच शेडमध्ये खोकी मोजते.

घाबरले होते म्हणेन, पण भीती दहा महिने पुरत नाही. मला माझी नोकरी हवी होती. उद्या साहेबांना हे सगळं लिहून देणार आहे. डोळा परत येणार नाही, निदान तुझ्या नावावरचा तो शेरा तरी जाईल.

राखी घ्यायला गेले होते. दोरा हातात घेतला आणि परत ठेवला. आज घेतलीय, पाकिटात आहे. हे वाचूनही वाटलं तर वहिनीकडून बांधून घे.

सैल बांधायला सांग.

तू म्हणशील तर तुझीच,
चंद्रभागा