विळ्याआधीची डुकरीण

रेआटे, जूनच्या मध्यतिथीच्या आदल्या दिवशी

प्रिय पेटिलिया,

तू आणि तुझी बहीण खुशाल असाल तर उत्तम. मीही बरा आहे. पेरणीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. ओस्टियाहून येणाऱ्या तुझ्या प्रत्येक पत्रात बंदराला लागलेल्या गलबतांची नावं असतात. त्यावर काय लिहावं, मला सुचत नव्हतं.

तुझ्या अंजिराला यंदा फळ चांगलं आहे. जव कधीचे पिकलेत. वारा सुटला की दाणे झडतात.

डोंगरातले कापणीवाले आलेत, पण विळ्याला हात लावेनात. त्यांचा म्होरक्या वेत्तियस म्हणाला, "मालक, ज्या घरचं माणूस मातीविना पडलंय त्या घराचं सुतक फिटत नाही. आधी धान्यदेवी सेरेसमातेला डुकरिणीचा बळी, मग कापणी. दोन सुगी तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो. यंदा माझी सून पोटुशी आहे. हे धान्य तिला कसं घालू?"

"आणि पोरगा जिवंत असला तर?" मी विचारलं.

"तर येऊन आपल्याला शिव्या घालील. पोटभर खाऊ की!"

मी हसलो. आपल्या मुलावरून मी हसलो, पेटिलिया.

मग स्वतःला विचारत राहिलो: दाणे झडताहेत म्हणून मी तयार झालोय का? थोडं तसंही असेल. पण आफ्रिकेच्या वाटेवर त्याचं जहाज फुटलं, तेव्हापासून एक गोष्ट मला झोपू देत नाही. ज्याच्यावर माती पडली नाही, त्याला मृतांच्या नदीपलीकडे नेत नाहीत. तू बंदरावर उभी आहेस, आणि तोही कुठल्याशा काठावर उभा असेल, आपण कधी सोडतो याची वाट बघत.

डुकरीण निवडलीय. मद्य, पोळ्या तयार आहेत. प्रार्थनेत ज्याच्यासाठी विधी, त्याचं नाव घ्यावं लागतं. या पत्रातही मी ते टाळलंय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण तुझ्यासमोर ते नाव माझ्या तोंडून निघणार नाही. इतक्यात क्षमा करू नकोस. घरी मात्र ये.

तुझा, आणि अजूनही त्याचा बाप,
ट्रेबियस

उद्याचं काम: विळे वाटण्याआधी नुमेरियसचं नाव मोठ्याने घेणे.