पाचरीची जाड बाजू

१२ नोव्हेंबर, सौंसर

सकाळपासून मामाच्या जीपखाली. समोरच्या स्प्रिंगचे पाटे टांगणारे जुने शॅकल काढून लांबवाले टाकले. गाडी दोन इंच उचलली. आता बगीच्याजवळच्या नाल्यातले गोटे पोटाला लागणार नाहीत. संत्र्याचा तोडा सुरू आहे, क्रेट रोज त्याच नाल्यातून निघतात.

मामाचा मुलगा जितूदादा पांढुर्ण्याहून नवी गाडी घेऊन आला, मायबापाला दाखवायला. जीपखाली डोकं घालून म्हणे, "अजून त्या सबंध दांड्यातच जीव आहे का बे तुया? तुयी दोन्ही चाकं एकाच दांड्याले. माह्या गाडीचं पाय. समोरची दोन्ही चाकं मोकळी. एक खड्ड्यात गेलं तं दुसऱ्याले पत्ताच नाई."

"म्हणूनच तं नाल्यात तुयं एक चाक हवेत लटकते."

ओट्यावरून मामा, "भांडा लेकहो. तोडा झाला का जीप इकून टाकतो. मंग भांडाले काई उरत नाई."

जीप विकू द्यायची नाही. तिला असं करून दाखवायचं की मामाच म्हणतील, ठेव.

१३ नोव्हें.

शॅकल लांब केले की एक्सल, म्हणजे तोच सबंध दांडा, पुढे कलतो अन् स्टेअरिंग भरकटते. त्याला उपाय पाचर. लोखंडाचा चपटा तुकडा, एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. स्प्रिंगच्या पाट्याच्या अन् एक्सलच्या मधात ठोकायचा, म्हणजे एक्सल परत मागे कलतो. टाकल्या दोन्हीकडे. टाकता टाकता नागपूरच्या सोबत्याचा फोन. पचमढी चाललो, येतं का. एका हातात फोन, एका हातात पाना. हाव म्हटलं.

शेषरावभाऊंनी गल्लीतून एक चक्कर मारली. बावीस वर्षांपासून तेच मामाची जीप चालवतात. बसायच्या आधी समोरच्या चाकाला हात लावून कपाळाला लावतात, रोज. स्टेअरिंगला त्यांच्या घरून विणून आलेलं सुतळीचं कव्हर. उतरून म्हणे, "भाचेबुवा, इष्टेरिंग आपल्या जाग्यावर परत येऊन नाई राहिलं. जरा पायता का?"

"नवीन काम आहे भाऊ. दोन दिवसात बसते."

पाठीवर बॅग होती माझ्या. जितूच्या गाडीत पांढुर्ण्यापर्यंत. मऊ चालते, खोटं काऊन बोलू. त्याला नाही सांगितलं.

१६ नोव्हें., इटारसी

पचमढी राहिली. सोबती आलाच नाही. इथं एक माणूस पोपटाचे पिंजरे करते, तारेचे, एक सांधा नाही की झाळ नाही. दोन दिवस त्याच्याच दुकानात बसून. फोन बंद. चार्जर कुठं विसरलो कोण जाणे.

१८ नोव्हें., सौंसर

काल चार्जर घेतला. मामाचे अकरा फोन येऊन पडले होते. मिळाली ती रेल्वे धरली. तिगावला उगाच उभी राहिली, तेव्हा खाली उतरून चालत निघावंसं वाटलं.

परवा बगीच्याच्या सडकेवर, बोरगावच्या अलीकडे, जीप नालीत गेली. शेषरावभाऊ चालवत होते, बाजूला मामी. साधा खड्डा, रोजचा. चाक त्यात गेलं अन् स्टेअरिंग सूप पाखडल्यासारखं हलायला लागलं, थांबेचना. मामीचं मनगट मोडलं. प्लास्टर आहे. मला पाहून म्हणे, "जेवला का रे?"

जितू आलेला. "मी पहिलेच सांगतलं होतं. सबंध दांडा! एक चाक हललं का दुसऱ्याले हलवते." मामा म्हणे, "दांड्याले काऊन दोष देतं? पंचवीस वर्षं काई नाई झालं. वय झालं शेषरावचं. हात थरथरतात त्याचे." भाऊंकडून चाबी मागून घेतली म्हणे त्याच दिवशी.

एकजण दांड्याला बोलते, एकजण माणसाला. माझं नाव कोणीच घेऊन नाही राहिलं.

१९ नोव्हें.

जीप ओढून अंगणात आणली. खाली गेलो. बंपर वाकला, बाकी काही नाही. पाना घेतला, अन् पाचर दिसली.

जाड बाजू मागे.

समोर पाहिजे. समोर पाहिजे हे मला झोपेतही सांगता येते. दोन्हीकडे उलटी. एक्सल मागे कलायच्या जागी आणखी पुढे गेला. तशा गाडीचं स्टेअरिंग कोणाच्याच हातानं थांबत नाही. भाऊंच्याही नाही, जितूच्याही नाही.

बोटानं जाड बाजू चाचपली, परत चाचपली. मामी आतून विचारत होती, "चहा देऊ का बाबू?" एका हातानं करणार होती ती.

२० नोव्हें.

नीट टाकल्या. कोणाला सांगितलं नाही. आधी गाडी सुधरू दे, मग सांगू, असं मनाशी.

बोरगावपर्यंत नेऊन आणली, मामा बाजूला. तोच खड्डा मुद्दाम घेतला. सुतासारखी सरळ. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. "पाय. गाडीत काईच नव्हतं. तू चालवत जा आता."

सांगायची जागा हीच होती. तोंड उघडलं अन् म्हटलं, "हाव."

२२ नोव्हें.

दोन दिवस क्रेट वाहतो. नाल्यात जीप अशी चढते की मजूर बाया हात थांबवून पाहतात. एक चाक गोट्यावर, दुसरं दाबून जमिनीवर. जितूनं आपली गाडी नाल्यातच घातली नाही. जिंकलो म्हणायचं. मामा आज म्हणे, नाही इकत. जे पाहिजे होतं ते सगळं झालं.

सुतळीच्या कव्हरला शेषरावभाऊंच्या हाताचा चकाकता डाग आहे, दोन बाजूंनी. माझे हात बरोब्बर त्याच्यावरच पडतात.

२४ नोव्हें., रामाकोना

गेलो शेषरावभाऊंकडे. जय भीम म्हटलं. त्यांनी खाट टाकली, वहिनींनी चहा आणला. कपबशी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. बशी वाजत होती.

"पाय बाबू, कसे कापतात. मले कई समजलंच नाई. बावीस वर्षं समजलंच नाई." मग वहिनींकडे पाहून, "बाई बसली होती बाजूले. जीव गेला असता तं?"

वहिनी म्हणे, "आठ दिवस झाले. सायकलही घेत नाई हातात."

मी त्यांच्या बकरीच्या पिल्लाबद्दल बोललो. मग बांधाच्या बोरीबद्दल. मग उठलो. निघताना भाऊ म्हणे, "जीपचं समोरचं चाक हात लावून बसत जा. लोखंड असते, पण लक्षात ठेवते."

२५ नोव्हें.

मामीला उशी लावून देत होतो. आपणहून म्हणे, "तुये मामा काई म्हणो. शेषराव घाबरला नाई रे. मले म्हणे, बाई दांडी घट्ट धरा. शेवटपर्यंत दोन्ही हातानं दाबून होता. थरथरणारा माणूस असा दाबते का?"

मी उशीच नीट करत राहिलो.

२७ नोव्हें.

आज सांगितलं. मामांना नाही, भाऊंनाच पहिले. जाड बाजू, पातळ बाजू, सगळं. मातीत काडीनं काढून दाखवलं.

ऐकून घेतलं. मग हसले. "माह्या मनाले बरं वाटावं म्हणून बोलून राहिले तुमी."

"खरं सांगतो भाऊ. तुमी तं त्याच दिवशी म्हणाले होते, इष्टेरिंग परत येत नाई म्हणून."

"मंग आता काऊन सरळ चालते?"

"मी फिरवली ना पाचर."

"कोनी पायलं?"

कोणीच नाही. चुपचाप फिरवली तेव्हा वाटलं होतं, सुधारून राहिलो. त्यांच्या बाजूनं बोलणारी एकच वस्तू होती गाडीखाली, तीच मी सरळ करून टाकली.

जितू म्हणते ना, मोकळी चाकं बरी, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आता पटते. पण मी तशी गाडी कधी मागितलीच नाही.

२९ नोव्हें., सौंसर

तोडा आटोपला. बगीचा रिकामा, सडक रिकामी. सकाळीच जॅक लावला. यू-बोल्ट सैल करून दोन्ही पाचरी काढल्या अन् होत्या तशा परत उलट्या टाकल्या. जाड बाजू मागे. या वेळेस फोन घरात ठेवून.

गाडीच्या बाजूला मामाच्या चपला येऊन थांबल्या. "काय करून राहिला बे?"

खालूनच सांगितलं. बाहेर येऊन सांगता आलं नसतं.

चपला एक पाऊल मागे सरकल्या. मग म्हणे, "शेषरावसाठी खोटं बोलतं का? शिकवलं त्यानं तुले?"

बाहेर निघालो. "तुमी चालवा मामा. बगीच्याच्या सडकेनं, चाळीसच्या वर नका नेऊ. तोच खड्डा घेऊ. मंग मी इथंच, तुमच्यासमोर, पाचर सरळ करतो, अन् शेषरावभाऊ चालवतील."

"अन् तो चालवते म्हणाला का?"

"नाई. नुसतं या म्हटलं."

मामी दारात, प्लास्टर छातीशी धरून. "मी पण बसते," म्हणे. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाबी वर फेकली नाही, खिशात घातली नाही, हातातच धरून आहेत.

फाटकाशी भाऊंची सायकल आली. हातात धरून चालत आले, बसून नाही. आत येऊन समोरच्या चाकापाशी थांबले. अजून हात लावला नाही. तेही चाकाकडे पाहून राहिले, मामाही.

मी मागच्या चाकाला टेकून हे लिहून राहिलो. ग्रीसचा हात, वही खराब होते. कोणी तरी बसा.